शेतकरी, जोडधंदा आणि प्राप्तिकराच्या बदललेल्या सवलती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जून-जुलैत रिटर्नचा हंगाम आला की तेच ते प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत दुधाचा गोठा असलेले असतात, शेड टाकलेले असतात, ट्रॅक्टर भाड्याने फिरवणारे असतात आणि शेतकरी कंपनीचे संचालकही असतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच समजुतीतून होतो: शेतकरी आहे, म्हणजे कर नाही. कायदा उत्पन्नाला सूट देतो, माणसाला देत नाही. म्हणून धंद्याच्या वजावटींत झालेला प्रत्येक बदल जोडधंद्याच्या वाटेने शेतकऱ्याच्या घरात येतो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, वेगळे असतील तिथे तसे सांगितले आहे.

१. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मग मी रिटर्न कशाला भरू?

केवळ शेतीच असेल, तर सहसा भरावे लागत नाही. राज्यघटनेने शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या सूचीत ठेवला आहे, त्यामुळे केंद्राचा प्राप्तिकर त्यावर थेट लागत नाही. पण शेतीशिवायचे उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले (नवी करप्रणाली), किंवा धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या वर गेली, तर रिटर्न बंधनकारक होते, मग कर शून्य का निघेना. याशिवाय बँक कर्जाला, मुलाच्या शिक्षणकर्जाला किंवा कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) परत मिळवायलाही रिटर्न लागतेच.

२. दूध, कोंबड्या, शेळ्या हीसुद्धा शेतीच ना?

गावात आपण शेतीच म्हणतो, प्राप्तिकर कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा विनयकुमार सहास रॉय खटल्यात कसोटी घालून दिली: जमिनीवर माणसाने मूळ कष्ट केले पाहिजेत, म्हणजे नांगरट, पेरणी, लावण. त्यांच्या पाठोपाठची खुरपणी, काढणी, राखण ही कामे त्यांना जोडूनच शेतीत येतात. गोठा आणि पोल्ट्री या कसोटीत बसत नाहीत, म्हणून त्यांचा नफा धंद्याचा नफा ठरतो. मधमाशीपालन आणि मत्स्यपालनही तसेच. रेशीम शेतीत तुतीचा पाला पिकवणे ही शेती आहे, पण अळ्या वाढवून कोष विकणे हा धंदा आहे.

पोल्ट्रीवाल्यांना एके काळी स्वतंत्र वजावट होती, कलम ८०जेजे. १९९७ च्या वित्त कायद्याने ती काढली. आजही जुने लोक "पोल्ट्रीला सूट आहे" असे सांगतात, ते त्या आठवणीवर. आता ती नाही.

३. पगारदार आहे, गावाकडे शेतीही आहे. १२ लाखांपर्यंत कर नाही ना?

या प्रश्नात दर वर्षी कोणीतरी अडकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी तुमच्या इतर उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मोजले जाते. १९७२ मध्ये नेमलेल्या के. एन. राज समितीच्या शिफारशीतून ही पद्धत आली. दोन अटी एकदम पूर्ण झाल्या तरच ती लागते: निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर, आणि इतर उत्पन्न मूळ सवलतीच्या, म्हणजे करमुक्त मर्यादेच्या, वर (नव्या प्रणालीत ४ लाख).

समजा, प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) जाऊन पगाराचे उत्पन्न ११ लाख आणि शेतीचे ८ लाख. दोन्ही मिळून १९ लाख, त्यावर कर १,८०,०००. आता शेतीच्या ८ लाखांत मूळ सवलतीचे ४ लाख मिळवा, १२ लाख झाले, त्यावर कर ६०,०००. फरक १,२०,०००. हा तुमचा कर. यातून कलम ८७ए ची सूट (१२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला करात मिळणारी) मिळते, कारण करपात्र उत्पन्न ११ लाखच आहे. पण ती सूट जास्तीत जास्त ६०,००० ची. उरले ६०,०००, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ६२,४०० रुपये भरायचे.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ११ लाखांवर शून्य कर, आणि तुम्हाला ६२ हजार. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला ही तर्काला धरून असलेली, पण फार वाईट समजावून सांगितली गेलेली तरतूद वाटते. "१२ लाख करमुक्त" ही घोषणा ऐकून शेती उत्पन्न रिटर्नमध्ये न दाखवणारे पुढे नोटिशीने घाबरतात. दाखवा, आणि कर आधीच बाजूला काढून ठेवा.

४. नवी करप्रणाली घेतली तर शेतीपूरक धंद्याच्या कोणत्या सवलती जातात?

२०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर धंदा असणाऱ्याने मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुनी निवडून नव्यात परत आलात, की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही.

नव्या प्रणालीत नेहमीचा घसारा (यंत्र, वाहन, इमारतीच्या झिजेपोटी दर वर्षी खर्चात धरायची रक्कम) मिळतो, कर्जावरचे व्याजही खर्चात धरता येते. जाते ते पुढीलप्रमाणे: डाळमिल किंवा प्रक्रिया उद्योगाच्या नव्या यंत्रावरचा २० टक्के अतिरिक्त घसारा, शीतगृह व धान्यगोदामासाठीची कलम ३५एडी ची वजावट, फळभाज्या टिकवण्याच्या व प्रक्रियेच्या उद्योगाची ८०आयबी, आणि जैविक कचऱ्यापासून सेंद्रिय खत किंवा बायोगॅस करणाऱ्यांची ८०जेजेए.

३५एडी बद्दल थोडे अधिक. शीतगृहाला आणि शेतमालाच्या गोदामाला पूर्वी खर्चाच्या दीडपट वजावट होती. २०१७-१८ पासून ती दीडपट राहिली नाही, जेवढा खर्च तेवढीच झाली. द्राक्षपट्ट्यात ज्यांनी त्या दीडपटीचे गणित धरून शीतगृहाचे कर्ज काढले, त्यांचा हिशेब तिथेच चुकला. आता प्रकल्प अहवालात कोणी दीडपट वजावट दाखवत असेल, तर तो अहवाल जुना आहे. स्वतःच्या कांद्यासाठी बांधलेल्या चाळीचा मात्र यात विषयच येत नाही, ती शेतीचाच भाग आहे.

५. गोठ्याचा हिशेब ठेवू, की सरळ टक्केवारीने दाखवू?

कलम ४४एडी नुसार उलाढालीच्या ८ टक्के नफा दाखवता येतो आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. मर्यादा २ कोटी उलाढाल, रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. दूध संघ पैसे खात्यातच टाकतो, म्हणून ३० लाखांच्या दुधावर १ लाख ८० हजार नफा धरता येतो. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा.

टक्केवारी सोपी, पण तिची किंमत आहे. घसारा, पेंड, डॉक्टर, मजुरी, कर्जाचे व्याज, सगळे त्या टक्केवारीतच बसले असे मानले जाते. वर्ष वाईट गेले, जनावरे दगावली, तर तोटा दाखवता येत नाही. तेव्हा प्रश्न ६ वाचा आणि मगच ठरवा. ज्या वर्षी गोठा नवा बांधला किंवा एकदम बरीच जनावरे घेतली, त्या वर्षी वह्या ठेवणे मी सुचवतो.

६. गाय मेली. तिचे पैसे कुठे धरता येतात का?

येतात, आणि ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. जनावरावर घसारा मिळत नाही. त्याऐवजी कलम ३६(१) मध्ये वेगळी सोय आहे: धंद्यासाठी पाळलेले, विक्रीसाठी नसलेले जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तर त्याची मूळ खरेदी किंमत वजा मिळालेली रक्कम एवढी वजावट त्या वर्षी मिळते. ९०,००० ला घेतलेली संकरित गाय दगावली आणि काहीच हाती आले नाही, तर ९०,००० पूर्ण खर्चात. विम्याचे ६०,००० आले असतील तर ३०,०००.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा अनेक गोठ्यांत दोन-दोन, तीन-तीन जनावरे गेली. त्यांच्यापैकी हिशेबाच्या वह्या असलेल्यांनाच ही वजावट घेता आली, टक्केवारीने रिटर्न भरणाऱ्यांना नाही. कागद लागतात ते साधे: बाजारातली खरेदीची पावती किंवा खात्यातून दिल्याची नोंद, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, पशुवैद्यकाचा दाखला. घरच्या गायीची घरीच वाढवलेली कालवड असेल तर खरेदी किंमत नसते. तिचा सांभाळाचा खर्च वेळोवेळी खर्चात गेलेलाच असतो, म्हणून वेगळे काही मिळत नाही.

७. ट्रॅक्टरचा घसारा धरता येतो का?

ट्रॅक्टर कोणत्या कामाला लागतो, त्यावर आहे. स्वतःच्याच रानात चालत असेल, तर घसाऱ्याचा थेट उपयोग नाही, कारण ज्या उत्पन्नातून तो वजा व्हायचा ते मुळात करमुक्त आहे. फक्त प्रश्न ३ मधल्या गणितासाठी निव्वळ शेती उत्पन्न काढताना तो विचारात येतो. लोकांच्या रानात नांगरट, रोटा, पेरणी करून भाडे घेत असाल, तर ते भाडे धंद्याचे उत्पन्न आणि त्यातून १५ टक्के दराने घसारा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर पहिल्या वर्षी निम्मा. दोन्हीकडे चालत असेल तर तासांच्या प्रमाणात वाटणी करा. त्यासाठी एक साधी वही ठेवा: तारीख, कोणाचे रान, किती तास. भाड्याचे उत्पन्न ४४एडी ने दाखवले तर घसारा वेगळा नाही.

आणखी एक. मालमत्ता घेताना एका दिवसात एका विक्रेत्याला १०,००० च्या वर रोख दिले, तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही आणि तिच्यावर घसारा नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने हे आले. जुना ट्रॅक्टर गावातल्याकडून घेतानाही पैसे खात्यातूनच द्या.

८. जीएसटी कमी झाला, त्याचा परतावा शेतकऱ्याला मिळतो का?

परतावा नाही, थेट किमतीत फायदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, ठिबक व तुषार संच, काढणीयंत्रे १२ वरून ५ टक्क्यांवर आली. ट्रॅक्टरचे मागचे टायर व ट्यूब १८ वरून ५ वर. शेतकऱ्याला आपल्या शेतमालासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. दर चढला तर त्याचा भार पूर्ण शेतकऱ्यावर, उतरला तर फायदाही पूर्ण त्याचाच. शेतीची अवजारे भाड्याने देणे ही सेवाही जीएसटीमुक्त आहे. लक्षात ठेवा, ती प्राप्तिकरातून मुक्त नाही (प्रश्न ७).

९. गूळ, हळद, बेदाणा, वाइन: कुठपर्यंत शेती आणि कुठून धंदा?

कसोटी अशी: माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सहसा जी प्रक्रिया करतो, तेवढीच शेती. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केल्याशिवाय तिचा बाजार सहसा होत नाही, म्हणून ती शेतीत. हळकुंडाची पूड करून पाकिटे विकली तर तो पुढचा भाग धंदा.

उसाचे तसे नाही. ऊस आहे तसा कारखाना घेतो. म्हणून जिथे उसाला बाजार आहे तिथे गुऱ्हाळाचा नफा हा धंद्याचा नफा ठरतो. अशा वेळी प्राप्तिकर नियम ७ लागतो: तुमच्याच रानातल्या उसाची बाजारभावाने किंमत काढायची, ती गुऱ्हाळाच्या उत्पन्नातून वजा करायची, आणि उरलेल्या भागातून सरपण, मजुरी, काहिलीचा घसारा काढून राहील त्यावर कर. उसाचा भाव हा शेतीचाच भाग राहतो. वाइनचेही गणित असेच, द्राक्षाचा भाव शेतीत आणि पुढचे धंद्यात.

बेदाणा मधल्या जागी आहे. द्राक्षे ताजी विकली जातात म्हणून अधिकारी प्रश्न विचारू शकतो. दुसरीकडे, सांगली-तासगाव भागात बेदाण्यासाठीच बाग धरणारे शेतकरी आहेत आणि शेडवर वाळवणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे. स्वतःचाच माल वाळवत असाल तर तुमची बाजू चांगली आहे. बाहेरून द्राक्षे विकत घेऊन बेदाणा केलात, तर त्या मालापुरता तो निखळ धंदा, त्यात वाद नाही. दोन्ही करत असाल तर विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) वेगवेगळ्या ठेवा.

१०. सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली. सातबारा शेतीचाच आहे, मग भाडे करमुक्त?

नाही. जमीन प्रत्यक्ष शेतीसाठी वापरली जात असेल तरच तिचे भाडे शेती उत्पन्न. खंडाने किंवा वाट्याने रान करायला दिले, तर मालकाला मिळणारा खंड करमुक्त आहे. तिथेच सौर पॅनेल किंवा मोबाइल टॉवर उभा राहिला की भाडे करपात्र. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दर वर्षी ३ टक्के वाढीने मिळते. चार हेक्टर दिले तर पहिल्याच वर्षी ५ लाख. म्हणजे उरलेल्या शेतीचे उत्पन्न दरासाठी मोजायची अट लागली (प्रश्न ३). लहान शेतकऱ्याला ८७ए च्या सुटीमुळे बहुधा कर लागणार नाही, पण रिटर्न भरावे लागेल.

११. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला शंभर टक्के सूट होती. आता सीए म्हणतात कर भरा. का?

कारण सूट मुदतीची होती. कलम ८०पीए ने १०० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना सभासदांचा माल विकणे, त्यांना निविष्ठा पुरवणे आणि त्यांच्या मालावर प्रक्रिया करणे या व्यवसायांच्या नफ्यावर पूर्ण वजावट दिली. पहिले वर्ष २०१८-१९, शेवटचे २०२३-२४. २०२४-२५ पासून त्या कलमाखाली वजावट नाही. (त्या काळातही मॅट, म्हणजे कंपन्यांवरचा किमान पर्यायी कर, सुटलेला नव्हता, हे अनेक संचालकांना नोटीस आल्यावर कळले.)

आता २५ टक्के आणि उपकर धरून २६, किंवा बहुतेक वजावटी सोडून कमी दराचा दुसरा पर्याय निवडला तर अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के. २० लाख नफ्यावर ५ लाखांच्या वर कर. हा पैसा गोदामाला किंवा सभासदांच्या भावफरकाला गेला असता. मला ही मुदत वाढवायला हवी होती असे ठामपणे वाटते, कारण अनेक कंपन्या नफ्यात येऊ लागल्या तेवढ्यात सूट संपली.

आता हातात काय आहे? सभासदाच्या मालाचा भाव वर्षाअखेर पूर्ण करण्याची रक्कम (राखून ठेवलेला भाव) हा खरेदीचाच खर्च आहे. पण ते खरेदीच्या वेळच्या ठरावात आणि पावतीत लिहिलेले हवे. मार्चनंतर नफा बघून ठरवलेली रक्कम नफ्याचे वाटप समजली जाते. सहकारी संस्थांची ८०पी ची वजावट मात्र चालू आहे, अट एवढीच की रिटर्न मुदतीत भरले पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी वजावट अडते.

१२. साखर कारखान्याच्या कराशी माझ्या उसाच्या बिलाचा काय संबंध?

तुमच्या हातात आलेले ऊसबिल, पहिली उचल असो की दिवाळीचा हप्ता, शेती उत्पन्नच आहे. संबंध आहे तो कारखान्याच्या ताळेबंदात. वैधानिक किमान भावापेक्षा जास्त दिलेला दर हा खर्च नसून सभासदांना वाटलेला नफा आहे, असे प्राप्तिकर खाते वर्षानुवर्षे म्हणत होते. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांवर त्यातून मोठ्या मागण्या निघाल्या. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सांगितले की दरात नफ्याचा भाग किती, ते तपासून ठरवा, सरसकट नको.

कायद्यातही दोन टप्प्यांत बदल झाला. २०१६-१७ निर्धारण वर्षापासून (म्हणजे २०१५-१६ च्या उत्पन्नापासून) सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतचा भाव खर्च म्हणून स्पष्ट मान्य झाला. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याआधीच्या वर्षांनाही ती सवलत दिली, आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. कराची टांगती तलवार गेली की कारखान्याला एफआरपीच्या (केंद्राने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराच्या) वर दर देताना एक भीती कमी. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे.

कारखान्याच्या शेअरवरचा लाभांश मात्र करपात्र, तो ऊसबिलात मिसळू नका.

१३. गारपिटीने बाग गेली. तो तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होतो का?

होत नाही. शेतीचा तोटा फक्त शेतीच्या उत्पन्नाशी वळता होतो. पुढची आठ वर्षे तो ओढता येतो, पण त्याचा उपयोग प्रश्न ३ मधल्या दराच्या गणितापुरताच.

१४. माल रोखीने विकला, हातउसने रोख दिले-घेतले. काही अडचण?

व्यापाऱ्याला एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिल्यास खर्च नामंजूर होतो. पण शेतकऱ्याकडून थेट शेतमाल, दूध, अंडी, मासे घेतले तर या नियमातून सूट आहे. अडत्याकडून घेतले तर नाही. विकणाऱ्या शेतकऱ्याला वेगळी मर्यादा आहे: एका व्यवहारात किंवा एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. दंड घेतलेल्या रकमेएवढाच असू शकतो, आणि तो घेणाऱ्याला लागतो. उत्पन्न करमुक्त असणे हा इथे बचाव नाही.

हातउसन्यात २०,००० किंवा त्यावर रोख घेण्यास बंदी आहे. देणारा आणि घेणारा दोघांचेही शेती उत्पन्न असेल आणि दोघांपैकी कोणाचेही करपात्र उत्पन्न नसेल, तर चालते. चुलतभाऊ नोकरीत असेल आणि कर भरत असेल तर ही सूट लागू नाही. गावच्या विकास सोसायटीशी सभासदाचा व्यवहार असेल तर २०२३ पासून ही मर्यादा २ लाख आहे.

१५. रोपवाटिका आणि मशरूमचे काय?

रोपवाटिकेतली रोपे आणि कलमे विकून मिळणारे उत्पन्न २००८ च्या दुरुस्तीने शेती उत्पन्न ठरले, रोपे पिशवीत वाढवलेली असली तरी. बाहेरून आणून नुसती विकलेली रोपे मात्र व्यापारात जातात. बंद खोलीत, नियंत्रित तापमानात घेतलेल्या मशरूमला हैदराबादच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने २०१८ मध्ये शेती मानले. प्रश्न २ मधल्या कसोटीचा हा बराच उदार अर्थ आहे, त्यामुळे त्यावर विसंबताना कागद पक्के ठेवा.

१६. कोणता फॉर्म भरू? आणि नवा कायदा आला, त्यात सूट गेली का?

शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ दोन्ही चालत नाहीत. गोठा ४४एडी ने दाखवत असलात तरी आयटीआर-३ भरावा लागतो. धंदा नसेल तर आयटीआर-२. शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हे सगळे भरायचे असते. सातबारा, आठ-अ आणि वर्षभराच्या पट्ट्या समोर घेऊनच बसा.

प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. शेती उत्पन्नाची सूट त्यातही कायम आहे. कलमांचे आकडे बदलतात आणि "निर्धारण वर्ष" जाऊन "कर वर्ष" येते. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे रिटर्न मात्र जुन्या कायद्याच्या कलमांनुसारच भरायचे, म्हणून इथे तेच आकडे दिले आहेत.